कापडाचा टेम्पो आणि तलावांची सहल

ईद झाली की कापडाचा धंदा थंडावतो. दुकानाच्या टेम्पोत गाद्या, स्टोव्ह टाकून बायकामुलांसह निघावे, असा बेत आम्हीही आखला: हिंगोलीहून सिद्धेश्वर, येलदरी, मग लोणार. युरोपात आल्प्सच्या तलावांकाठी लोक गाडीतच संसार थाटतात ना! पण त्या गाड्यांची नोंदणी माणसांसाठीच असते. आपला टेम्पो मालवाहू. त्यात सवाऱ्या बसविणे कायद्याला मंजूर नाही, अन् अपघात झाला तर विम्याची भरपाई अडकते. हजार-दोन हजार भाडे वाचविताना दुकान गहाण पडायचे! व्यापारीबंधूंनो, सवारी परवान्याचीच गाडी करा. राज्याचे कॅराव्हॅन धोरण 2021 मध्ये आले, पण आम्हाला साधी जीप पुरली. लोणारचे पाणी खारे. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.