बाळाचे पहिले अंडे : मऊ हवे, पण कच्चे नको

उष्टावणाचा दिवस घरोघरी थाटाने साजरा होतो. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीची वाटी, तांदळाची खीर, फोटो. खरी अडचण दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. आता रोज काय द्यायचे? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते : वरणाचे पाणी, भाताची पेज आणि दुपारी रडू लागले की चहात बुडवलेले बिस्किट. सहाव्या महिन्यापर्यंत बाळसेदार असलेले मूल नवव्या-दहाव्या महिन्यात दवाखान्यात येते तेव्हा त्याचे वजन दोन-दोन महिने तिथल्या तिथे थबकलेले असते. आई म्हणते, "डॉक्टर, खातं हो सगळं, पण अंगी लागत नाही."

अंगी लागण्यासारखे त्यात फारसे काही नसते, हेच त्याचे साधे कारण. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर, म्हणजे दीडेक वाटी मावते. ती जागा वरणाच्या पाण्याने भरली तर पोट भरते आणि बाळ उपाशी राहते. डाळ खाली बसलेली असते, आपण वरचे पाणी काढून देतो. चहाने तर आणखी नुकसान होते, कारण अन्नातले लोह रक्तात शोषले जाण्यास तो अडथळा आणतो. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरेसे असते. त्यानंतर तेच दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवून जोडीला वरचे अन्न द्यावे लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा ६७ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आपल्या महाराष्ट्रातही चित्र निराळे नव्हते.

म्हणून आज मी एकाच पदार्थाविषयी लिहिणार आहे : भाजी घालून वाफवलेले मऊ अंडे. साहित्य खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळते, करायला वीसेक मिनिटे लागतात आणि थोड्या जागेत पुष्कळ काही मावते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने आणि सत्तर उष्मांक असतात. शिवाय अ आणि ड जीवनसत्त्वे, मेंदूच्या वाढीला लागणारे कोलीन आणि भाज्यांत मुळीच नसणारे ब-१२. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे देऊन पाहिले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अंडे खाणाऱ्या गटात उंची खुंटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले होते. नंतर आफ्रिकेतील मालावीत असाच प्रयोग झाला, तेथे मात्र उंचीत तसा फरक दिसला नाही; तेथील मुलांच्या ताटात मासळी आधीपासूनच होती. म्हणजे अंडे ही जादू नव्हे. ज्या ताटात काहीच नाही तेथे त्याचा उपयोग मोठा आहे.

आता मुख्य गोष्ट. बाळासाठी अंडे मऊ हवे म्हटले की अनेक जण ते अर्धे कच्चे ठेवतात. हाफ फ्रायचे वाहते पिवळे बोटाने चाटवतात, किंवा कच्चे अंडे दुधात फेटून पाजतात. "अंडं कडक झालं तर त्याला पचायचं नाही," असा त्यामागचा हिशेब. तो उलटा आहे. शिजलेले अंडे कच्च्यापेक्षा चांगले पचते. आणि कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. मोठ्या माणसाला त्यांनी दोन दिवसांचे जुलाब होतील. सात महिन्यांच्या बाळाला सलाइन लावण्याची पाळी येते.

मग मऊपणा आणायचा कुठून? त्यासाठी खरवस डोळ्यांसमोर आणा. खरवस कच्चा नसतो, पूर्ण जमलेला असतो, तरी जिभेने दाबला की विरघळतो. चिकाचे दूध नुसतेच वाफवले तर तो घट्ट होतो, साधे दूध मिसळले तर मऊ. अंड्याचेही तसेच आहे. अंड्यातली प्रथिने उष्णतेने एकमेकांत गुंततात आणि त्यांची जाळी तयार होते. पांढरा भाग साधारण साठ अंशांपुढे आणि पिवळा सत्तरच्या आसपास जमतो. आच मोठी ठेवली की ही जाळी आवळते, आतले पाणी पिळून बाहेर टाकते आणि उरतो तो रबरासारखा तुकडा. मऊपणासाठी म्हणून दोनच गोष्टी लागतात. अंड्यात पाणी व शिजलेली भाजी मिसळून ती जाळी विरळ करायची, आणि मंद वाफेवर शिजवायचे. वेळ कमी करायचा नाही, आच कमी करायची.

भाजी कोणती? सुरुवातीला लाल भोपळा सर्वांत चांगला. तो गोडसर असतो, त्याला दोरे नसतात आणि अ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी लागणारे द्रव्य त्यात भरपूर असते. गाजर, दुधी, बटाटाही चालतो. पालक घ्यायचा तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन, देठ काढून, शिजवून अगदी बारीक चिरावा. मटारची साले मात्र काढावीत, ती घशात चिकटतात. भाजी आधी वेगळी शिजवून घेणे आवश्यक आहे. कच्चा कीस अंड्यात घातला तर अंडे जमते तरी भाजी करकरीत राहते.

कृती अशी. हात साबणाने धुवावेत. अंडे फोडण्यापूर्वी त्याचे कवच धुऊन पुसावे आणि ते वेगळ्या वाटीत फोडून वास पाहावा. तडा गेलेले अंडे बाळासाठी वापरूच नये. शिजलेला भोपळा दोन मोठे चमचे घेऊन काट्याने किंवा वाटीच्या बुडाने चांगला चेचावा. त्यात अंडे, भाजी शिजवलेले गार पाणी दोन मोठे चमचे आणि अर्धा लहान चमचा तूप घालून काट्याने हलक्या हाताने एकजीव करावे. फेस येईपर्यंत फेटू नये, नाहीतर हवा शिरते आणि वडीला भोके पडतात. तुपाचा हात लावलेल्या स्टीलच्या वाटीत मिश्रण ओतावे, वर ताटली झाकावी म्हणजे वाफेचे थेंब आत पडत नाहीत. कुकरमध्ये दोन बोटे पाणी उकळवून जाळीवर वाटी ठेवावी, झाकणाची शिटी काढून टाकावी आणि आच बारीक करून दहा-बारा मिनिटे वाफवावे. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटे तसेच राहू द्यावे. मग मधोमध सुरीचे टोक घालून पाहावे. ते कोरडे निघाले, आत कुठे पाणचट पांढरे दिसले नाही, तर झाले. शंका वाटली तर आणखी तीन मिनिटे. घाईच्या दिवशी हेच मिश्रण कढईत मंद आचेवर हलवत भुर्जीसारखे केले तरी चालते, फक्त ओलसर चकाकी पूर्ण जाईपर्यंत थांबावे.

मीठ नको, साखर नको, पहिल्या वर्षात मध तर नकोच. आई चव घेते आणि म्हणते, "अगदी आळणी लागतंय." तिला लागते, बाळाला नाही, त्याने अजून मीठ चाखलेलेच नाही. खाली उतरवल्यावर लिंबाचे दोन थेंब मात्र जरूर पिळावेत, भाजीतले लोह शोषले जायला त्याची मदत होते. अंड्यातले लोह स्वतः थोडेच आणि तेही नीट न शोषले जाणारे असते, म्हणून अंडे सुरू केले तरी आशाताई आणून देतात ते लोहाचे औषध बंद करू नये. सहा महिन्यांपुढील बाळांना ते आठवड्यातून दोनदा, एकेक मिलिलिटर द्यायचे असते.

पहिल्या दिवशी पूर्ण वडी भरवू नका. एक लहान चमचा, तोही सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर बाळ डोळ्यांसमोर राहते आणि गरज पडल्यास दवाखाना उघडा असतो. त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ देऊ नये. अंड्याची ॲलर्जी असेल तर बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत कळते : अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलट्या होतात. श्वासाला घरघर लागली किंवा बाळ मलूल पडले तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा. काही झाले नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन चमचे, आणि असे वाढवत आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत पूर्ण अंड्यावर यावे.

या भीतीपोटीच पूर्वी अंडे उशिरा, आधी पिवळे आणि वर्षानंतर पांढरे, असा सल्ला दिला जात असे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली ॲलर्जीची शक्यता अधिक असलेल्या मुलांना दोन वर्षांपर्यंत अंडे देऊ नये असे सांगितले होते. २००८ मध्ये त्यांनी तो सल्ला मागे घेतला, कारण उशीर केल्याने ॲलर्जी टळते असे आढळले नाही. उलट २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात, इसब असलेल्या ज्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोडी-थोडी दिली, त्यांच्यात वर्षाच्या वयाला अंड्याची ॲलर्जी शंभरांत आठांना निघाली. न दिलेल्यांत अडतीसांना. तरीही बाळाला जास्त इसब असेल, किंवा एखाद्या पदार्थाने आधी त्रास झाला असेल, तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

अंडे उष्ण असते, उन्हाळ्यात बाळाला सोसत नाही, हे मी रोज ऐकतो. एका आजींनी तर मला बजावलेच, "डॉक्टर, तुम्ही शिकलेले, पण चैत्र-वैशाखात अंडं द्यायचं नसतं." अंड्याने बाळाचा ताप वाढत नाही, अंगावर उठणाऱ्या घामोळ्यांशीही त्याचा संबंध नाही. पण आजींच्या बोलण्यात एक व्यवहार आहे. आपल्याकडच्या उन्हात अंडी लवकर खराब होतात. म्हणून उन्हाळ्यात चार-सहाच आणावीत आणि पाण्यात टाकून पाहावीत. बुडेल ते ताजे, तरंगेल ते टाकून द्यावे. गावठी की पांढरे, हा वाद बाळापुरता सोडून द्यावा. कवचाच्या रंगाने पोषण बदलत नाही. केलेली वडी ताजीच भरवावी. उष्टी वाटी संध्याकाळसाठी झाकून ठेवू नये, बाळाच्या लाळेतले जंतू त्यात वाढतात.

भरवताना बाळ ताठ बसलेले असावे. सुरुवातीला वडी चमच्याने मोडून मऊसर करावी, पण मिक्सरमधून काढू नये. आठव्या महिन्यात बारीक कण राहू द्यावेत, दहाव्यात बोटाएवढे तुकडे त्याच्या हातात द्यावेत. पहिला घास जिभेने बाहेर ढकलला म्हणजे अंडे आवडले नाही असे समजू नका. नव्या चवीला आठ-दहा वेळा संधी द्यावी लागते. नाक दाबून कोंबणे तेवढे टाळा.

अंडे ज्यांच्या घरात चालत नाही त्यांना मी आग्रह करीत नाही. मुगाची डाळ भिजवून, वाटून, त्यात हाच भोपळा व तूप घालून याच वाटीत वाफवावी. फरक एवढाच की ब-१२ डाळीत नसते. म्हणून वडी दह्यात कालवून द्यावी, आणि आई स्वतः अंडी-मांस न खाणारी व दूध-दहीही कमी घेणारी असेल, तर बाळाच्या आणि तिच्या दोघांच्याही ब-१२बद्दल पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारावे.