सराटा, चोच आणि दांडगा शेजारी

‘गरज पडली की पक्ष्याची चोच मोठी होते का?’ असं एका वाचकाने विचारलंय. नाही होत. डार्विनच्या फिंच पक्ष्यांची चित्रं पाहून मात्र तसं वाटतं खरं, म्हणून त्यांच्याच बेटावर जाऊ.

माळावर अनवाणी फिरलेल्याला सराटा काय ते सांगायला नको. सायकलच्या ट्यूबलाही नको. या सराट्याचं एक चुलत भावंड गालापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर उगवतं. त्याचं काटेरी फळ फोडून बी काढणं म्हणजे तिथल्या मध्यम भू-फिंचची दुष्काळी कामंच. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३पासून तिथे पक्ष्यांच्या पायात कडी घालून चोची मोजत होतं.

१९७७मध्ये पाऊस झाला जेमतेम २४ मिलिमीटर. बारीक बी संपलं, सराटे उरले. शंभरातले सुमारे ८५ मध्यम फिंच मेले. तगले ते बहुतेक जाड चोचीचे. चोचीची जाडी आईबापांकडून येते, त्यामुळे पुढची पिढीही सरासरीने जाड चोचीची निघाली. दुष्काळाने कुणाची चोच वाढवली नव्हती. बारीक चोचीवाले वहीतून कमी झाले, इतकंच. (हा हिशेब मांडणारा पीटर बोग तेव्हा विद्यार्थी होता. गोष्ट सांगताना त्याचं नाव हमखास गळतं.)

पुस्तकं बहुधा इथेच थांबतात. मला आवडते ती पुढची गोष्ट. १९८२-८३मध्ये एल निनोने बेट झोडपलं, वेली माजल्या, सराटा त्यांच्याखाली गुदमरला आणि नंतरच्या कोरड्या दिवसांत बारीक चोचीचं फावलं. त्याच सुमारास मोठा भू-फिंच इथे वस्तीला आला. मग २००३पासून पुन्हा दुष्काळ, पुन्हा सराटे. आता जाड चोचवाल्यांचं राज्य यायला हवं होतं. पण सराट्यावर हा दांडगा शेजारी आधीच तुटून पडलेला. जाड चोचीचे मध्यम फिंच उपाशी मेले, बारीक बियांवर भागवणारे जगले.

२०१६मध्ये या मरणामागचं एचएमजीए-२ हे जनुक सापडलं. शोध अस्सल आहे, पण ‘चोचीचं जनुक सापडलं, कोडं सुटलं’ असा गाजावाजा ऐकला की मला हसू येतं. या जनुकाचं मोठ्या चोचीचं रूप बाळगणारे त्या दुष्काळात जास्त मेले, हे खरं. पण शेजारी नसता तर? १९७७मध्ये मोठी चोचच तर तारून गेली होती!

आणि तो दांडगा शेजारी? सराटे संपले, तशी त्याचीही संख्या पार रोडावली.