विश्लेषण : सख्ख्या भावांना मारून गादीवर बसलेला सम्राट ताइझोंग ‘आदर्श राजा’ कसा ठरला?

चीनमध्ये उत्तम राज्यकारभाराचा दाखला द्यायचा झाला, की तांग घराण्यातील सम्राट ताइझोंगचे (कारकीर्द इ.स. 626 ते 649) नाव हमखास येते. मात्र, त्याच्या सत्तेची सुरुवात रक्तरंजित होती.

सत्ता कशी मिळाली?

ताइझोंगचे मूळ नाव ली शिमिन. तांग घराण्याची सत्ता उभी करण्यात त्याच्या तलवारीचा मोठा वाटा होता; पण युवराजपद थोरल्या भावाकडे गेले. जुलै 626 मध्ये राजधानी चांगआन (आजचे शीआन) येथील राजवाड्याच्या शुआनवू दरवाजापाशी दबा धरून त्याने युवराज ली जियानचेंग आणि धाकटा भाऊ ली युआनजी यांना संपवले. दोन महिन्यांत वडिलांनी गादी सोडली.

विरोधकालाच जवळ का केले?

वेई झेंग हा जियानचेंगचा सल्लागार. शिमिनचा वेळीच बंदोबस्त करा, असे त्यानेच सुचवले होते. जाब विचारल्यावरही त्याने ते नाकारले नाही. ताइझोंगने त्याला शिक्षा न करता दरबारात घेतले. पुढे या वेई झेंगने दोनशेहून अधिक वेळा सम्राटाच्या चुका तोंडावर दाखवल्या. 643 मध्ये तो वारला, तेव्हा आपण एक आरसा गमावला, असे ताइझोंग म्हणाला.

आरसा गेल्यावर काय झाले?

त्याच वर्षी संशयापोटी सम्राटाने वेई झेंगचा स्मृतिशिलालेख पाडायला लावला. 645 मध्ये त्याने कोरियातील गोगुर्यो राज्यावर स्वारी केली. आन्सीचा किल्ला पडेना, थंडी सुरू झाली आणि सैन्य माघारी फिरले. वेई झेंग असता तर त्याने ही मोहीम होऊच दिली नसती, अशी कबुली देत सम्राटाने तो शिलालेख पुन्हा उभारला.

महाराष्ट्राशी संबंध काय?

645 मध्येच युआन श्वांग (ह्युएनत्संग) भारतातून परतला. तो परवानगीशिवाय देशाबाहेर गेला होता. तरीही ताइझोंगने त्याचे स्वागत केले आणि पाहिलेल्या देशांची माहिती लिहायला सांगितली. 646 मध्ये पूर्ण झालेल्या त्या ग्रंथात महाराष्ट्राचे आणि चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचे वर्णन आहे. शालेय पुस्तकांतून आपण वाचतो, ते हेच.

वारसा कोणता?

ताइझोंग आणि त्याच्या मंत्र्यांमधील संवादांचा ‘झेनग्वान झेंगयाओ’ हा ग्रंथ आठव्या शतकात तयार झाला. जपान आणि कोरियातील राज्यकर्त्यांनीही तो अभ्यासला. त्यात सम्राटाच्या कौतुकाइतकीच त्याने ऐकून घेतलेली टीकाही आहे.