शेतकरी आठवडी बाजार: भाजी इथे स्वस्तच मिळते का? पिशवी घेऊन निघण्याआधी हे वाचा

सोसायटीजवळच्या मैदानात आठवड्यातून एकदा शेतकऱ्यांचे टेम्पो लागतात. ताजी मेथी, गावरान काकडी, मोसमातली फळं. पण एखादी भाजी कोपऱ्यावरच्या गाड्यापेक्षा महाग दिसली की प्रश्न पडतो, मधला व्यापारी नाही, तर हा दर कसा?

हे बाजार कसे सुरू झाले?

महाराष्ट्रात शेतमालाच्या विक्रीवर १९६३च्या पणन कायद्याचं नियमन आहे. जुलै २०१६मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. त्यामुळे शेतकऱ्याला थेट ग्राहकाला माल विकणं सोपं झालं. संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजारांचं अभियानही राज्यात सुरू झालं.

मग दर कमी का नसतो?

इथे अडत्या आणि किरकोळ विक्रेता नसतो, पण त्यांची कामं शेतकऱ्यालाच करावी लागतात. पहाटेची तोडणी, टेम्पोचं भाडं, दिवसभर उभं राहणं. संध्याकाळी उरलेल्या पालेभाजीचा तोटाही त्याचाच. फायदा असा, की ग्राहकाने दिलेले पैसे थेट त्याच्या हातात पडतात. ग्राहकाला मिळतो तो ताजेपणा. हात फिरले नाहीत, तर भाजी घरी जास्त दिवस टिकते.

कधी काय घ्यावं?

- हिवाळा: हुरडा, बोरं, आवळा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. जानेवारीपासून नाशिकची द्राक्षं.
- उन्हाळा: हापूस, कलिंगड, करवंदं, जांभळं.
- पावसाळा: टाकळा, कुर्डू, करटुली या रानभाज्या. शेवळं घेतली तर सोबत काकडं किंवा चिंच घ्या, नाहीतर घसा खाजतो.
- पावसाळ्यानंतर: सीताफळ, पाठोपाठ नागपुरी संत्री.

मोसमातल्या मालाची आवक जास्त असते, त्यामुळे दरही उतरतात. अवेळी मिळणारं फळ बहुतेक वेळा शीतगृहातून किंवा लांबून आलेलं असतं.

विक्रेता शेतकरीच आहे, हे कसं ओळखायचं?

एकाच टेबलावर सफरचंद, किवी आणि कोथिंबीर दिसली, तर तो माल घाऊक बाजारातला असण्याची शक्यता जास्त. शेतकऱ्याकडे सहसा मोजकीच पिकं असतात. गाव कोणतं, तोडणी कधीची, आंबा अढीत पिकवला की रायपनिंग चेंबरमध्ये, हे मोकळेपणाने विचारा. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवण्यास देशात बंदी आहे. ठरलेल्या मर्यादेत इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे.

घासाघीस करावी का?

पाच किलो घेणार असाल, तर जरूर विचारा. पण दहा रुपयांच्या जुडीसाठी ताणू नका. तिथे कमी केलेला रुपया कोणा व्यापाऱ्याच्या नव्हे, थेट शेतकऱ्याच्या खिशातून जातो.