सागरी सूक्ष्मजंतूंची विपुलता व उत्पादकता
समुद्राच्या ठराविक घनफळाच्या पाण्यात असलेल्या सूक्ष्मजंतूंच्या संख्येस त्यांची विपुलता व ठराविक काळात त्यांच्या शरीरात नव्याने बांधल्या जाणाऱ्या कार्बनाच्या राशीस उत्पादकता म्हणतात. पृष्ठभागाजवळ दर मिलिलिटरमध्ये सामान्यतः १ ते १० लक्ष सूक्ष्मजंतू असतात. खोल पाण्यात ही संख्या सु. दहा पटींनी घटते.

मापन : पोषक माध्यमावर वाढलेल्या वसाहती मोजण्याच्या जुन्या पद्धतीत एक टक्क्याहूनही कमी सूक्ष्मजंतू आढळून येत. १९७० नंतरच्या दशकात अनुस्फुरक रंजकाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची पद्धत रूढ झाल्यावर खरी संख्या समजली. उत्पादकतेसाठी किरणोत्सर्गी थायमिडीन वा ल्यूसीन किती शोषले जाते, ते पाहतात.

परिस्थितीचा प्रभाव : तापमान वाढल्यास वाढीचा वेग वाढतो, मात्र विरघळलेले कार्बनी पदार्थ अपुरे असल्यास ऊब निरुपयोगी ठरते. आदिजीव सूक्ष्मजंतूंना खातात व व्हायरस त्यांचा नाश करतात. त्यामुळे उत्पादकता वाढूनही विपुलता पुष्कळदा फारशी बदलत नाही.

अरबी समुद्र : नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचे पोषक पाणी वर येते, तर हिवाळ्यात पृष्ठजल थंड होऊन खालच्या पाण्यात मिसळते. दोन्ही वेळी वनस्पतिप्लवक वाढतात. मधल्या काळात ते घटले, तरी वरच्या थरातील प्राणिप्लवकांचे प्रमाण जवळजवळ कायम राहते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) शास्त्रज्ञांनी याचा उलगडा असा केला : उरलेल्या कार्बनी पदार्थांवर सूक्ष्मजंतू, त्यांच्यावर आदिजीव व आदिजीवांवर प्राणिप्लवक जगतात.

सु. १५० ते १,००० मी. खोलीवर ऑक्सिजन अत्यल्प असतो. तेथे सूक्ष्मजंतू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात व नायट्रोजन वायू मुक्त होतो. पावसाळ्याच्या अखेरीस कोकण, गोवा व कर्नाटकच्या किनाऱ्यालगतही तळाजवळचा ऑक्सिजन खालावतो, काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड निर्माण होते आणि तळाशी राहणारे मासे दूर जातात. नद्यांतून येणारी खते व सांडपाणी वाढल्यास हे संकट तीव्र होण्याचा संभव आहे.

बंगालचा उपसागर : मानवतसह परभणी जिल्ह्याचे पाणी गोदावरीतून येथे पोहोचते. नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर राहिल्याने पाणी ढवळले जात नाही व पोषक द्रव्ये वर येत नाहीत. येथेही मधल्या थरात ऑक्सिजन फार कमी असतो. परंतु त्याचा लवलेश उरत असल्याने नायट्रेटाचा ऱ्हास अरबी समुद्राइतका होत नाही. समुद्रापासून दूरच्या शेतीचाही किनाऱ्याशी संबंध असतो, तो असा.