सिंधुदुर्गच्या तटाखालचे प्रवाळ

मंगळाच्या अंगठीतील पोवळे आपल्या परिचयाचे आहे; परंतु त्याच गोत्रातील जिवंत प्रवाळे मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, वस्ती करून आहेत याची जाणीव कोकणातही फार थोड्यांना असेल. शासनाने १९८७ साली तेथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले. त्यावरून मच्छीमार आणि शासन यांच्यात उडालेले खटके अजून विस्मृतीत गेलेले नाहीत. जाळे कोठे टाकावे, याचा वाद आपण घालीत राहिलो. आणि संकट आले ते आकाशातून, अभयारण्याची हद्द न विचारता!

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या देहात वस्तीला असलेले सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसते, रंगही देते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखादा अंशच अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा सहवास मोडतो. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरेफटक पडते. पाणी वेळेवर निवले तर ते सावरते. नाही तर उपासमारीने मरते. आपल्या किनाऱ्यावरील समुद्र एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक तापतो आणि त्याला निववतो तो मोसमी पाऊस. मृगाची वाट शेतकरीच पाहतो असे नाही!

दुसरा आघात अधिक संथ आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. मानवाने सोडलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. त्यामुळे पाण्याची अल्कता घटते आणि प्रवाळांना चुन्याचा सांगाडा रचणे जड जाते.

एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. लक्षद्वीपला त्याची झळ बसली. मालवणची प्रवाळे पांढरी पडल्याचे गोव्यातील समुद्रशास्त्रज्ञांनी त्यापूर्वीच नोंदले होते.

मग मालवणकरांच्या हाती काय उरते, असे कोणी विचारील. आमच्या मते पुष्कळ उरते. उष्णतेने खचलेल्या प्रवाळावर गाळ बसला, नौकेचा नांगर पडला, हौशी पाणबुड्याचा पाय पडला, तर ते सावरणार कसे? प्रवाळांच्या आश्रयाने मासळी वाढते, हे दर्यावर्दी समाजाला कोणी शिकवावयास नको. नौकांसाठी कायमचे बांधतरंग बसवावेत, समुद्र तापलेला असताना प्रवाळांवरील पर्यटन थांबवावे, आणि हे नियम ठरविताना मच्छीमारांना प्रथम बोलवावे. १९८७ चा अनुभव पुन्हा नको.