गाडीलाही धाप लागते!

दोस्तांनो, मनाली ते लेह गाडीनं जायचा बेत तुमच्या घरी शिजत असेल, तर हे पान आई-बाबांनाही वाचायला द्या. अटल बोगदा २०२० साली सुरू झाल्यापासून हा रस्ता सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा झालाय. पण वाटेत बारालाचा ला, लाचुंग ला, तांगलांग ला अशा एकीपेक्षा एक उंच खिंडी! ('ला' म्हणजेच खिंड, बरं का.) तांगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तीन कळसूबाई एकावर एक रचली, तरी खिंड वरच राहील.

तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. चार पावलं चाललात की तुम्हाला धाप लागते, आणि इंजिनालाही! इंधन जाळायला प्राणवायू लागतो, तोच अपुरा पडतो. टर्बोवालं इंजिन हवा दाबून आत घेतं, म्हणून ते कमी दमतं. साध्या इंजिनाची ताकद मात्र निम्म्यावर येते. मग पहिल्या गिअरमध्ये रेटत राहावं लागतं आणि इंजिन तापतं.

आता घरचा कुकर आठवा. या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी शंभर नव्हे, त्र्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण कुकरसारखा आतला दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी लवकर उकळत नाही. झाकणाचं रबर झिजलेलं असलं, की संपलंच! एवढ्याशा रबरापायी गाडी घाटात उभी राहते. तापलेलं झाकण लगेच उघडायचं नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबायचं.

दुसरा शत्रू म्हणजे नाले. पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी, उन्हानं बर्फ वितळलं की दुपारी गुडघ्याच्या वर चढतं. म्हणून जाणते चालक अंधारातच निघतात. पाण्यात गाडी बंद पडली आणि इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. आतले दांडे वाकतात.

पण खरी काळजी गाडीची नाही, माणसांची! पांग हे तंबूंचं ठिकाण सुमारे ४,६०० मीटरवर आहे. विरळ हवेनं कुणाचं डोकं ठणकू लागलं, उलट्या झाल्या, तर औषध एकच, खाली उतरणं. आणि गंमत (गंमत कसली!) अशी, की पांगहून मनालीकडे जा नाहीतर लेहकडे, आधी पाच हजार मीटरवरची खिंड चढावीच लागते. अशा वेळी गाडी दुरुस्त व्हायची वाट बघत बसू नये. आजारी माणसाला मिळेल त्या ट्रकमधून आधी हलवावं. सोबत घरचं एक मोठं माणूस द्यावं. पांगला लष्कराचा तळ आहे, तिथं मदत मागावी. मोबाइलवर विसंबू नका. कितीतरी टप्प्यांत रेंजच नसते.

बाकीच्यांनी गाडी सोडून भटकू नये. स्वेटर, कानटोप्या आधीच चढवाव्यात, थंडी वाजायची वाट बघू नये. मागे लाल त्रिकोण ठेवावा आणि चाकांना उताराच्या बाजूनं दगड लावावेत.

आणि गाडी सुरू झाली की ते दगड उचलून कडेला टाका हं! मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला अंधारात ते दिसणार नाहीत.